नगर झाले, तरी खाचर आहेच

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाच्या सभेला पाककृती, आरोग्य, मुलांचे संगोपन असे विषय नेहमी असतात, आणि ते असावेतच. परंतु यंदा मला सांगण्यात आले की, आपल्या गावाविषयीच काही बोला. ही सूचना मला मनापासून आवडली. ज्या गावात आपण नांदतो, त्याची ओळख आपल्याला असतेच असे नाही. घरातल्या उंबऱ्यासारखे ते असते. रोज ओलांडतो, म्हणून त्याकडे पाहत नाही.

पहिला प्रश्न असा की, देवरूखला गाव म्हणावे की शहर? कागदोपत्री ते नगर आहे. नगरपंचायतीची पाटी आहे, मुख्याधिकारी आहेत, नगराध्यक्ष आहेत. तालुक्याला नाव संगमेश्वराचे, पण तालुक्याची कचेरी देवरूखची. शाळा-महाविद्यालये आहेत, बँका आहेत, एस.टी.चे आगार आहे. पण बाजारपेठेतून दहा-पंधरा मिनिटे चालत गेले की लागते काय? भाताचे खाचर, काजूची बाग, एखादा पऱ्या, आणि गुरे घेऊन येणारी एखादी म्हातारी. नगराच्या हद्दीतच हे सारे आहे.

समुद्र आपल्या वाट्याला आलेला नाही. बंदर नाही, खाडी नाही, मासळीचा लिलाव नाही. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, तिच्या पायथ्याला मारळचा मार्लेश्वर, गावाजवळून वाहणारी सप्तलिंगी, आणि राखण करणारी ग्रामदेवता सोळजाई. असे हे आतल्या बाजूचे, डोंगराच्या कुशीतले, शेतकऱ्यांचे नगर आहे. किनाऱ्यावरच्या कोकणाविषयी पुष्कळ लिहिले-बोलले जाते. आपल्यासारख्या आतल्या कोकणाची ओळख मात्र आपणच करून घेतली पाहिजे.

आता नगरपंचायत म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. घटनेची ७४ वी दुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिने नागरी संस्थांचे तीन प्रकार सांगितले: महानगरपालिका, नगरपरिषद आणि नगरपंचायत. यांतली नगरपंचायत कोणासाठी? जे क्षेत्र ग्रामीण अवस्थेतून नागरी अवस्थेकडे चालले आहे, त्याच्यासाठी. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने आपण वाटेवर आहोत. गाव सोडले आहे आणि शहर अजून आलेले नाही. असे क्षेत्र ठरवताना लोकसंख्या, तिची दाटी, संस्थेचे उत्पन्न, आणि शेतीखेरीज इतर कामधंद्यांत किती माणसे आहेत, हे पाहायचे असते.

हा शेवटचा निकष मला विचार करण्याजोगा वाटतो. शेती कमी झाली की गाव नगर होण्याच्या लायकीचे होते, असा त्याचा अर्थ निघतो. व्यवहारात ते बरोबरही असेल. पण आपण मनात असे घेता कामा नये की, शेती उरली आहे ती लाजेची गोष्ट आहे आणि ती जितक्या लवकर संपेल तितके आपण सुधारलेले ठरू.

याबाबतीत एका दूरच्या देशाचे उदाहरण देते. फिलिपीन्स हा आपल्यासारखाच भात खाणारा, पावसाचा, डोंगरांचा आणि माणसे पोटासाठी परमुलखी धाडणारा देश. तिथे सुमारे दीड हजार नगरपालिका आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळ निव्वळ शेतीच्या आहेत. मध्यभागी बाजार, चर्च आणि नगरपालिकेची कचेरी. भोवती भाताची आणि नारळाची वाडीवार वस्ती. या वाडीला ते 'बारांगाय' म्हणतात. नगरपालिका म्हटली की शेती गेली, असे तिथे कोणी समजत नाही. शिवाय प्रत्येक बारांगायची स्वतःची सभा असते. त्यांच्या १९९१ च्या कायद्याप्रमाणे ती वर्षातून निदान दोन वेळा भरलीच पाहिजे, आणि तिथे सहा महिने राहिलेला, पंधरा वर्षे पूर्ण झालेला प्रत्येक नागरिक तिचा सभासद असतो. पंधरा वर्षांची मुलगीसुद्धा त्या सभेत उभी राहून बोलू शकते.

आता आपल्याकडे वळून पाहू. ग्रामपंचायतीच्या गावाला ग्रामसभा असते. महाराष्ट्रातल्या कायद्याने आणखी एक चांगली सोय केली आहे. नियमित ग्रामसभेच्या आधी गावातल्या बायकांची वेगळी सभा घ्यावी, म्हणजे भरसभेत पुरुषांपुढे तोंड न उघडणारी बाईही आपले गाऱ्हाणे मांडू शकेल. ही सभा सगळीकडे मनापासून भरते असे नाही. पुष्कळ ठिकाणी सह्यांचे पुस्तक घरोघर फिरते आणि सभा झाली असे होते. तरीही हक्क म्हणून ती आहे. मागितली तर नाकारता येत नाही.

गावाची नगरपंचायत झाली की ग्रामसभा राहत नाही, आणि तिच्याबरोबर महिलांची सभाही जाते. नगरपंचायतीची सभा नगरसेवकांची असते. तुम्ही-आम्ही मतदार, पाच वर्षांनी मत द्यायचे, मधल्या काळात अर्ज करायचा. घटनेने प्रभाग समित्यांची सक्ती केली आहे ती तीन लाख वा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांना. आपल्याएवढ्या नगराला ती सक्ती नाही. नळ आले, रस्त्यावर दिवे आले, कचऱ्याची गाडी येऊ लागली, हे सारे चांगलेच झाले. पण बोलण्याची एक जागा गेली, हे पुष्कळजणींच्या ध्यानातच आले नाही.

यावर कोणी म्हणेल, नगरपंचायतीत बायकांना निम्म्या जागा आहेत की! खरे आहे, आणि ती मोठी गोष्ट आहे. ७४ व्या दुरुस्तीने एकतृतीयांश जागा राखल्या आणि २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्यावर नेल्या. नगरपंचायतीच्या सतरा नगरसेवकांत नऊ जागा बायकांच्या असतात. म्हणजे बहुमत आपले! परंतु सभागृहात बसलेल्या नऊजणींना बाहेरच्या शेकडोजणींचे म्हणणे कळणार कसे? त्या बिचाऱ्या कितीही तळमळीच्या असल्या, तरी त्यांच्या पाठीशी बोलणारी सभा नसेल, तर त्यांच्याही बोलण्याला वजन येत नाही.

आता बायकांचे वजन आपल्या जिल्ह्यात किती आहे ते पाहा. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. असा आकडा देशात फार थोड्या जिल्ह्यांचा आहे. २००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. दहा वर्षांनी ती १६,१५,०६९ झाली. देशाची वाढत होती आणि आपली घटत होती. याचे कारण तुम्हां-आम्हांला कोणी सांगायला नको. पूर्वी गिरण्यांत, नंतर कारखान्यांत आणि कचेऱ्यांत, कोकणचा पुरुष मुंबईला गेला. तिथून मनिऑर्डर येई, गणपतीला आणि शिमग्याला माणूस येई. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुष्कळ घरांची मनिऑर्डर थांबली. त्या वेळी घरे कशावर तगली? घरच्या भातावर, नाचणीवर, कुळथावर. आणि ती पिकवली कोणी? घरी राहिलेल्या बायकांनी.

शेतीचे वर्ष आपण जरा नजरेसमोर आणू. फाल्गुन-चैत्रात कवळ तोडून, पातेरा गोळा करून भाजावळ करायची. रोहिणीत किंवा मृगाच्या तोंडावर राबात पेरायचे. आषाढात तरवा काढायचा, मुठी बांधायच्या, आणि डोक्यावर इरले किंवा प्लॅस्टिकचा कागद घेऊन, कमरेत वाकून, दिवसभर गुडघाभर चिखलात लावणी करायची. श्रावणात बेणणी. हळवे भात दसऱ्याच्या सुमारास तयार, गरवे त्यानंतर. मग कापणी, भारे वाहणे, झोडणी, वारवणे, आणि घरात कणगी भरणे. यांत नांगरट आणि चिखलणी सोडली, तर बाईचा हात नाही असे काम कोणते? आता चिखलणीला पॉवर टिलर आला, मळणीला यंत्र आले. पण लावणी आमच्या उतारावरच्या लहान लहान कुणग्यांत अजून बहुधा हातानेच होते. यंत्र आले ते पुरुषाच्या कामाला आधी आले.

असे असून 'शेतकरी कोण' असे विचारले तर उत्तर सातबाऱ्यात शोधायचे, आणि सातबाऱ्यावर नाव पुरुषाचे. हे नुसते मानापमानाचे प्रकरण नाही, मैत्रिणींनो. १९९० पासून रोजगार हमीतून फळबागांची योजना आली आणि जिल्ह्यात आंब्या-काजूच्या बागा वाढल्या. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राची काजूची कलमे वाडीवाडीत पोचली. २०१९ मध्ये शेतकऱ्यांच्या खात्यावर थेट पैसे भरण्याची केंद्राची योजना आली. या सगळ्यांना आधार जमिनीच्या नोंदीचा. पीक कर्ज, नुकसानभरपाई, साऱ्याला तोच कागद लागतो. रानडुकरांनी भात लोळवले किंवा वानरांनी काजू ओरबाडला, तर पंचनाम्यात नाव येते ते कागदावरच्या माणसाचे. राखण केलेली बाई त्या कागदात कुठेच नसते.

जमिनीचा प्रश्न आपल्या भागात नवा नाही. इथे खोती होती. खोताकडे राबणाऱ्या कुळाला आपली म्हणावी अशी जमीन नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती प्रत्यक्षात गेली ती १९४९ च्या कायद्याने, आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून कसणारे कूळ जमिनीचे मालक झाले. कसेल त्याची जमीन, असे तेव्हा म्हटले गेले. 'कसेल तिची' असे म्हणायचे मात्र राहून गेले.

ते पुढे वारसाच्या कायद्याने थोडेफार भरून काढले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा दिला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणखी एक पाऊल टाकले, आणि ९ सप्टेंबर २००५ पासून साऱ्या देशात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा जन्मतःच मुलाइतका हक्क मान्य झाला. त्या दिवशी वडील हयात नसले तरी हा हक्क जात नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केले.

आणि इथेच गावाचे नगर होण्याचा आपल्याशी अगदी जवळचा संबंध येतो. खाचर होते तोवर जमिनीला भाव नव्हता, म्हणून वाट्याचा विचार कोणी करीत नव्हते. नगर झाले, रस्ता रुंद झाला, शेजारच्या जमिनीची बिनशेती झाली, प्लॉट पडले, की त्याच खाचराला भाव येतो. मग मुंबईहून भाऊ-पुतणे येतात, आणि सासरी गेलेल्या बहिणीला निरोप जातो, 'एक सही करायची आहे, जाऊन येऊ.' ती सही हक्कसोडपत्रावरची असते. नोंदणी झालेले हक्कसोडपत्र मागाहून नुसते 'मला ठाऊक नव्हते' म्हटल्याने मोडता येत नाही.

बहिणीने सही करूच नये, असे मी मुळीच म्हणत नाही. भाऊबीज एका हाताने आणि कोर्टाची नोटीस दुसऱ्या हाताने, असे व्हावे ही कोणाचीच इच्छा नाही. भावाने आईवडिलांचे केले असेल, जमीन राखली असेल, तर बहीण आनंदाने सोडते, आणि सोडावेही. परंतु काय सोडतो आहोत हे वाचून, समजून, दोन दिवस विचार करून सोडावे. दान देणारीला आपण काय देतो हे ठाऊक असले, तरच ते दान.

त्याचप्रमाणे, घरातला कर्ता माणूस गेल्यावर वारसनोंद तीन महिन्यांत कळवायची असते. दुःखाच्या दिवसांत हे कोणाला सुचत नाही, आणि मागाहून फेरफारात विधवेचे नाव मागे पडते किंवा नुसते 'इतर हक्कांत' जाऊन बसते. आपल्या मंडळाने अशा घरी चौदाव्या दिवसानंतर दोघीजणींना पाठवावे. सांत्वनाला आपण जातोच. जाताना तलाठ्याकडे द्यायच्या अर्जाचा कागदही बरोबर न्यावा. मला यात काही वावगे दिसत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. एवढा पाऊस कोसळूनही एप्रिल-मे उजाडला की डोंगराकडच्या वाड्यांतल्या बाया हंडे घेऊन निघतात. जांभा दगड पाणी धरून ठेवीत नाही, उतार तीव्र, नद्यांची धाव आखूड. सह्याद्रीवर पडलेले पाणी पाहता पाहता समुद्राला मिळते. त्यात भाताची खाचरे काय काम करतात? बांध घालून तीन महिने ती पाणी अडवून धरतात. खाचर म्हणजे एक उथळ तळेच. ते बुजवून त्यावर इमारत उभी राहिली की एका घराचे भात जाते हे तर आहेच. पण खालच्या अंगाच्या विहिरीत मुरणारे पाणीही जाते, आणि तेच पाणी पावसाळ्यात कोणाच्या तरी अंगणातून वाट काढते. पऱ्याला भिंत घातली की पऱ्या रागावतो, हे जुन्या बायका सांगत, ते काही खोटे नव्हे.

नगराचा विकास आराखडा १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे तयार होतो. त्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की ठराविक मुदतीत नागरिकांच्या हरकती व सूचना मागवतात. नकाशावर रंग भरलेले असतात: राहण्याचा भाग, बाजाराचा भाग, शेतीचा भाग, रस्ते, आरक्षणे. तो नकाशा पाहायला बायका जात नाहीत, कारण तो आपला विषय नव्हे असे वाटते. पण आपले खाचर, आपला पऱ्या, आपली पाणवठ्याची वाट त्या नकाशात कोणत्या रंगात गेली, हे आपल्याइतके कोणाला कळणार? इंजिनिअर कोठूनही येवो, पावसात पाणी कुठे तुंबते ते त्या वाटेने हंडा नेणारीलाच ठाऊक असते.

तिसरी गोष्ट बियाण्याची. फिलिपीन्सचे नाव मघाशी घेतले, त्याचे आणखी एक कारण आहे. तिथे लॉस बान्योस या गावी १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था निघाली, आणि १९६६ मध्ये तिने 'आयआर-८' हे बुटके, भरघोस दाण्याचे भात दिले. पुढे १९६८ मध्ये आपल्या देशात 'जया' आले, ते कोकणातही पोचले. १९७२ मध्ये दापोलीला कृषी विद्यापीठ झाले आणि आपल्या हवामानाला मानवणाऱ्या जाती इथेच निघू लागल्या. या जातींनी पोटाला दिले, त्यांचे उपकार विसरता येत नाहीत. परंतु त्यांच्या मागे पाटणी, मुणगा असली जुनी भाते मात्र हळूहळू शेतातून आणि कणगीतून गेली. पेजेला गोडी असलेले, आजाऱ्याला मानवणारे, उंच पेंढा देणारे भात कोणते, हे घरातल्या म्हाताऱ्या बायकांनाच ठाऊक आहे. हे ज्ञान त्यांच्याबरोबर जाऊ नये.

आता हे सारे ऐकून तुम्ही म्हणाल, यात मंडळाने काय करायचे? मी तीन साधी कामे सुचवते.

पहिले असे की, कायद्याने गेलेली महिलांची सभा मंडळाने आपल्यापुरती पुन्हा भरवावी. दर तीन महिन्यांनी एकेका प्रभागात, एखाद्या देवळाच्या किंवा शाळेच्या ओसरीवर, संध्याकाळी तासभर. त्या प्रभागाच्या नगरसेविकेला आग्रहाने बोलवावे. तक्रारी सांगण्याच्या आधी तिच्या अडचणीही ऐकाव्यात. जे ठरेल ते दहा ओळींत लिहून, सह्या करून नगरपंचायतीत द्यावे आणि पोच घ्यावी. या सभेला कायद्याचा आधार नसेल; पण शंभर सह्यांना आधार लागत नाही.

दुसरे, प्रत्येक सभासद भगिनीने येत्या हळदीकुंकवापर्यंत आपल्या सासरचा आणि माहेरचा सातबारा पाहून घ्यावा. आता तो घरबसल्या मोबाईलवरही पाहता येतो. नातीला किंवा सुनेला सांगावे, ती काढून देईल. पाहणे म्हणजे भांडणे नव्हे.

तिसरे, मंडळाने एक वही करावी. तीत जुन्या भातांची, नाचणी-वरीची, पावट्या-कुळथाची नावे, कुठल्या वाडीत कोणाकडे बियाणे आहे, आणि त्याचा उपयोग काय, हे लिहून ठेवावे. बियाण्याचे वाण संक्रांतीला एकमेकींना लुटावे. स्टीलच्या वाटीपेक्षा मूठभर बियाणे पुढच्या वर्षी अधिक उपयोगी पडते. आणि थंडी सुरू होताच पऱ्यांवर पोत्यांचे वनराई बंधारे घालायला आपणही जावे.

ही कामे लहान आहेत, असे वाटेल. पण याच देवरूखात १९५४ मध्ये इंदिराबाई हळबे यांनी मातृमंदिर सुरू केले. अडलेल्या बाळंतिणीला जवळ दवाखाना नाही, हे त्यांनी पाहिले आणि तिथून आरंभ केला. पुढे निराधार मुलींचे 'गोकुळ' उभे राहिले, आणि साऱ्या कोकणाच्या त्या मावशी झाल्या. त्यांनी मोठी योजना आखून मग हात घातला नाही. समोर जी गरज दिसली तिला हात घातला. १९९८ मध्ये मावशी गेल्या, पण बाईने मनात आणले तर या आतल्या गावात काय होऊ शकते, याची साक्ष म्हणून ती संस्था आपल्यासमोर आहे.

नगर झाल्याचा आपण आनंदच मानू. दिवे येवोत, नळ येवोत, मुलींना इथल्या इथे शिक्षण मिळो. मात्र नगरपंचायतीच्या पाटीमागचे खाचर जोवर हिरवे आहे, तोवर ते कोणाच्या हातांनी हिरवे आहे, हे नगराच्या कागदावरही लिहिले गेले पाहिजे. ते लिहवून घेणे आपले काम.